सिम्युलेटरमधलं इंजिन आणि ठाण्याच्या रुळांवरचं इंजिन : पार्श्वभूमी

ठाण्यात पहिली गाडी कधी आली हे इथे पुन्हा सांगायला नको. प्रश्न वेगळा आहे. संगणकावर, म्हणजे रेल्वे सिम्युलेटरमध्ये, चालवायला मिळणारं इंजिन आणि ठाणे-कळवा-दिवा या रुळांवर धावलेलं इंजिन यांच्यात फरक पडतो तो कुठे? दिसण्यातला फरक आता जवळजवळ मिटला आहे. रंगाचे पट्टे, नंबर, छतावरच्या पॅन्टोची (तारेतून वीज घेणाऱ्या सांगाड्याची) घडी, काचेवरचा वायपर, सगळं जागच्या जागी असतं. गडबड सुरू होते लिव्हर पुढे केल्यावर. तिचं मूळ दोन ठिकाणी आहे. एक, मुंबईचा जुना १५०० व्होल्ट डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा) पुरवठा. दोन, २००१ च्या सुमारास आलेल्या सिम्युलेटरांचं गणित, ज्यात विजेचं इंजिन म्हणजे थ्रॉटलच्या (ताकद कमी-जास्त करणाऱ्या लिव्हरच्या) टक्क्यानुसार ओढ देणारी एक पेटी, एवढंच मानलं होतं.

जुना काळ थोडक्यात. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत तार पुणे आणि इगतपुरीपर्यंत गेली. दोन्ही घाटांत ३७ ला १ असा चढ. त्यासाठी आलेलं डब्ल्यूसीजी-१, म्हणजे रेल्वेवाल्यांचा ‘खेकडा’, मोटरची ताकद आडव्या दांड्यांनी चाकांना द्यायचं. गंमत अशी, की सिम्युलेटरमध्ये चाकं घसरतात तेव्हा सगळी एकदम घसरतात, आणि हे वागणं खऱ्याच्या जवळ जातं ते फक्त या खेकड्याच्या बाबतीत. एका बोगीची, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या एका संचाची, चाकं दांड्यांनी जोडलेली असल्यामुळे त्यातलं एक चाक एकटं घसरूच शकत नव्हतं.

पुढच्या डब्ल्यूसीएम मालिकेत प्रत्येक आसाला स्वतःची मोटर आली, एकूण सहा. १९६१ मध्ये चित्तरंजनच्या कारखान्यातून आलेलं पहिलं विजेचं इंजिन, ‘लोकमान्य’, याच मालिकेतलं डब्ल्यूसीएम-५. सिम्युलेटरमध्ये सगळ्यात जास्त चुकीची बनतात ती हीच इंजिनं.

कारण नॉच, म्हणजे लिव्हरच्या ठरलेल्या पायऱ्या. तारेतून १५०० व्होल्ट येतात आणि डीसीला ट्रान्सफॉर्मर चालत नाही, त्यामुळे व्होल्टेज कमी करायला मार्ग दोनच. एक म्हणजे मोटरांची जोडणी बदलणं. सहाही एकामागे एक जोडल्या, म्हणजे सिरीज, तर प्रत्येकीला २५० व्होल्ट मिळतात. तीन-तीनच्या दोन रांगा केल्या तर ५००, दोन-दोनच्या तीन रांगा केल्या तर ७५०. दुसरा मार्ग म्हणजे मधल्या टप्प्यांसाठी वाटेत रेझिस्टन्स (विजेला अडवणारे रोधक) घालणं. ड्रायव्हर नॉच घेतो तेव्हा रेझिस्टन्सचा एकेक तुकडा बाहेर पडतो. सगळे बाहेर पडले की ती रनिंग नॉच. तिथे हवा तितका वेळ राहता येतं. मधल्या नॉचवर मात्र राहता येत नाही, कारण वीज रेझिस्टन्समध्ये जळत असते आणि त्याचे ग्रिड शेगडीच्या कॉइलसारखे लाल होतात. म्हणून डीसीचा ड्रायव्हर ताशी ६० ने जायचं असेल तर लिव्हर मध्यावर ठेवून बसत नसे. तो रनिंग नॉचपर्यंत जायचा, वेग धरला की शून्यावर यायचा, गाडी सोडून द्यायचा आणि पुन्हा घ्यायचा.

सिम्युलेटरमध्ये ४० टक्के थ्रॉटल लावून कळव्यापासून कल्याणपर्यंत निवांत जाता येतं. काही तापत नाही, जळत नाही.

यावर इंजिनं बनवणाऱ्यांमध्ये तीन वाटा पडल्या आणि वाद अजून मिटलेला नाही. पहिली वाट म्हणजे नॉच विसरा, थ्रॉटल शून्य ते शंभर सलग ठेवा. चालवायला सोपी, आणि साफ खोटी. दुसरी म्हणजे रेझिस्टन्सच्या सगळ्या पायऱ्या नॉच म्हणून द्या. लिव्हर बरोबर वाटतो, पण प्रत्येक पायरीला ओढीचा नुसता टक्का लावला तर गणित जुनंच राहतं. तिसरी म्हणजे फक्त रनिंग नॉच ठेवा आणि मधल्या पायऱ्या आपोआप जाऊ द्या. ही वाट इंजिनासाठी चुकीची आहे, पण डीसी लोकलसाठी अगदी बरोबर. त्या लोकलच्या मास्टर कंट्रोलरला, म्हणजे मोटरमनच्या हँडलला, मुळात शंट (अगदी हळू), सिरीज, पॅरलल (मोटरांच्या वेगळ्या रांगा) आणि वीक फील्ड (सगळ्यात वेगवान) एवढ्याच जागा. मोटरमन हँडल पॅरललवर नेऊन ठेवायचा आणि करंट ठरलेल्या मर्यादेखाली उतरला की कॅमशाफ्ट (जोडण्या बदलणारा फिरता दांडा) पुढची पायरी स्वतःच घ्यायची. बऱ्याच जणांनी लोकलची पद्धत इंजिनाला आणि इंजिनाची लोकलला लावली, घोळ तिथे झाला.

दुसरी वाट नीट केली तर चालते. त्यासाठी ओपन रेल्स हा फुकट मिळणारा सिम्युलेटर बरा पडतो. त्यात इंजिनाचं वर्णन असलेल्या ईएनजी फाइलमध्ये प्रत्येक थ्रॉटल-जागेसाठी वेगानुसार ओढीचा वेगळा तक्ता देता येतो. डीसी सिरीज मोटरची ओढ वेग वाढला की झपाट्याने पडते. फुल सिरीजमध्ये गाडी एका वेगापर्यंत चढते आणि तिथेच अडते. तक्त्यात त्या वेगापाशी ओढ जवळजवळ शून्यावर आणली की हा अडकणारा वेग सिम्युलेटरमध्येही येतो आणि चालवणाऱ्याला पुढची जोडणी घ्यावीच लागते. इथे दोन चुका हमखास होतात. तक्त्यात वेग मीटर प्रति सेकंदात लिहायचा असतो आणि लोक ताशी किलोमीटर लिहितात, मग ओढ ३.६ पट जास्त वेगापर्यंत टिकते आणि मालगाडी राजधानीसारखी पळते. दुसरी चूक म्हणजे तक्ते नीट भरायचे आणि थ्रॉटल सलग ठेवायचा. सिम्युलेटर दोन तक्त्यांच्या मधली किंमत स्वतः काढतो आणि अस्तित्वात नसलेली नॉच तयार होते. फाइलमधल्या कंट्रोलरच्या भागात जागा सुट्या-सुट्या भरल्या तरच हे थांबतं.

घसरण्याचं गणित मात्र तक्त्यांनीही सुटत नाही. सहा मोटरा सिरीजमध्ये असताना एक चाक घसरलं की त्या मोटरचा वेग वाढतो, तिचा उलटा दाब (फिरताना मोटर स्वतः तयार करते ते विरुद्ध व्होल्टेज) वाढतो आणि १५०० व्होल्टमधला मोठा वाटा ती एकटीच खाते. त्यामुळे ती अजून जोरात घसरते आणि बाकीच्या पाच उपाशी राहतात. पावसाळ्यात ओल्या रुळांवर गाडी उचलताना डब्ल्यूसीएमचा ड्रायव्हर वाळूचं (पकडीसाठी रुळांवर वाळू टाकणारं) बटण आणि अँपिअरचा काटा सोडत नसे, ते यासाठी.

एसी (दिशा बदलत राहणारी वीज) आली आणि चित्र बदललं. इगतपुरीच्या पुढे २५ हजार व्होल्ट एसी होतीच आणि इगतपुरीला इंजिन बदलावं लागे. दोन्हींवर चालणाऱ्या डब्ल्यूसीएएम-३ मुळे नव्वदच्या दशकाच्या शेवटी ते बऱ्याच गाड्यांचं टळलं. हे इंजिन एसीवर ५००० अश्वशक्तीचं, डीसीवर ४६०० चं. सिम्युलेटरच्या फाइलमध्ये कमाल शक्तीचा आकडा एकच. म्हणून एकाच इंजिनाच्या दोन फायली करणं, एक एसीची आणि एक डीसीची, हाच त्यातल्या त्यात प्रामाणिक उपाय. सरासरी काढून ४८०० लिहिणं म्हणजे दोन्हीकडे चूक.

नुसता भागाकार केला तरी दोन पुरवठ्यांतला फरक कळतो. ४६०० अश्वशक्ती म्हणजे सुमारे ३४३० किलोवॅट, १५०० व्होल्टवर जवळजवळ २३०० अँपिअर. ५००० अश्वशक्ती २५ हजार व्होल्टवर १५० अँपिअरच्या आसपास. म्हणून डीसीची तार जाड, सबस्टेशनं जवळजवळ, आणि संध्याकाळी चारही मार्गांवर लोकल एकदम उचलल्या की व्होल्टेज खाली. सिम्युलेटरमध्ये तारेचं व्होल्टेज सकाळ-संध्याकाळ सारखंच असतं.

मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरची डीसी जून २०१५ मध्ये तेव्हाच्या सीएसटीपर्यंत बंद झाली आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बरचीही. खर्च आणि क्षमतेच्या हिशेबात निर्णय योग्यच होता, पण नव्वद वर्षांची चालवण्याची एक पद्धत त्याबरोबर संपली आणि तिची नोंद फार कमी ठेवली गेली. आज कुणी डब्ल्यूसीएम बनवायला घेतलं तर पडताळायला चालतं इंजिन नाही.

एसीच्या जुन्या इंजिनांत, म्हणजे डब्ल्यूएपी-४ किंवा डब्ल्यूएजी-५ मध्ये, ट्रान्सफॉर्मरला ३२ टॅप (वेगवेगळ्या व्होल्टेजचे जोड) असतात आणि जीआर, म्हणजे टॅप बदलणारं यंत्र, एकेक टॅप चढतो. हँडल प्लसवर न्यायचं, सोडायचं, ते स्वतः एन या मधल्या जागेवर परततं, एक नॉच चढते. यातली कुठलीही नॉच कायमची, इथे जळणारं काही नाही. म्हणजे ४० टक्क्यांवर निवांत जाणं इथे खरोखर शक्य आहे. सिम्युलेटर चुकतो तो न्यूट्रल सेक्शनला, म्हणजे तारेच्या वीज नसलेल्या तुकड्याला. खऱ्या रुळांवर ५०० आणि २५० मीटर आधी पाट्या येतात. नॉच उतरवायच्या, डीजे (मुख्य सर्किट ब्रेकर) उघडायचा, गाडी वेगावर पुढे जाऊ द्यायची, पलीकडे गेल्यावर बीएलआरडीजे हे बटण दाबून धरून डीजे पुन्हा लावायचा. मग शून्यापासून पुन्हा एकेक नॉच. सिम्युलेटरमधल्या बहुतेक मार्गांवर न्यूट्रल सेक्शनच नसतं. थ्रॉटल शंभरावर ठेवून गाडी त्याखालून निघून जाते.

थ्री-फेज (तीन फेजच्या एसी मोटरांची) इंजिनं आली तशी ही दरी कमी झाली, पण सिम्युलेटर सुधारल्यामुळे नव्हे. डब्ल्यूएपी-७ मध्ये ओढ आणि ब्रेकचा एकच सलग लिव्हर, समोर ओढ दाखवणारा किलोन्यूटनचा काटा, घसरणं सांभाळायला संगणक. म्हणजे २००१ च्या पेटीसारखंच. खरं इंजिनच सिम्युलेटरच्या जवळ आलं. त्यामुळे डब्ल्यूएपी-७ तपासणं सोपं आहे. सुरुवातीची ओढ ३२२.६ किलोन्यूटन आणि शक्ती ६३५० अश्वशक्ती, म्हणजे ४७३५ किलोवॅट, धरली तर ४७३५ भागिले ३२२.६, म्हणजे सेकंदाला १४.७ मीटर, ताशी सुमारे ५३ किलोमीटर. या वेगापर्यंत ओढ जवळपास सपाट राहून पुढे उतरायला हवी. फाइलमधलं इंजिन ताशी ८० ला पूर्ण ओढ देत असेल तर आकडे फुगवलेले आहेत. दुसरी चाचणी वजनाची. १२३ टनांच्या इंजिनाला ३२२.६ साठी चाकाखाली २७ टक्के पकड लागते. कुणी हौसेने ४५० लिहिलं तर ३७ टक्के लागेल, आणि तेवढी जुलैतल्या ओल्या रुळांवर मिळत नाही.

लोकलमध्ये वेगळीच खोट आहे. बारा डब्यांच्या गाडीत चार मोटर कोच, म्हणजे मोटर असलेले डबे, असतात, गाडीभर विखुरलेले. सिम्युलेटरमध्ये सगळी ताकद पहिल्या डब्यात भरून बाकीचे अकरा ओढत नेले, की गाडी उचलताना कपलिंग ताणल्याचा झटका बसतो आणि पावसात पुढची चाकं जागीच फिरतात. ठाण्याहून सुटणारी खरी लोकल असा झटका देत नाही. ताकद चार डब्यांत वाटली की हे सुटतं.

राहिला ब्रेक. जुन्या सिम्युलेटरांचा मूळ ब्रेक अमेरिकन, ९० पीएसआयचा (चौरस इंचाला पाउंड) आणि एकदा सोडला की पूर्ण सुटणारा. आपल्याकडे ब्रेक पाइपमध्ये हवेचा दाब चौरस सेंटीमीटरला ५ किलो, म्हणजे ७१ पीएसआय. पूर्ण सर्व्हिस ब्रेकला तो साधारण साडेतीनवर, म्हणजे ५० पीएसआयवर येतो. डब्याखालचा डिस्ट्रिब्युटर व्हॉल्व्ह ब्रेक थोडा थोडा सोडू देतो. ओपन रेल्समध्ये ग्रॅज्युएटेड रिलीजची (थोडा थोडा सोडण्याची) खूण केली नाही तर दिव्याच्या प्लॅटफॉर्मवर गाडी लावताना थोडा सोडायला गेलेला ब्रेक सगळाच निघतो आणि गाडी सिग्नलच्या पुढे जाते. त्याहून जुन्या व्हॅक्यूम ब्रेकच्या गाड्या चालवायच्या असतील तर आकडा पाऱ्याचे ५३ सेंटीमीटर, म्हणजे २१ इंच. फाइलमध्ये इंचच लागतात. तिथे ५३ लिहून ठेवलेली इंजिनं आजही फिरताना दिसतात.