हवाई वाहतुकीचे समांतर सिम्युलेशन

देशभराच्या किंवा खंडभराच्या विमानांची हालचाल संगणकावर उभी करून तिचे काम अनेक प्रोसेसरांत वाटून चालवण्याची पद्धत. नवी धावपट्टी बांधली, सेक्टरांची (नियंत्रकांना वाटून दिलेल्या आकाशाच्या भागांची) फेरआखणी केली किंवा वादळाने एखादा मोठा विमानतळ बंद पडला, तर उशीर कुठवर पसरेल याचा अंदाज तिच्या आधारे आधीच घेता येतो.

मार्गस्थ विमानांमध्ये रडारच्या टप्प्यात साधारणपणे ५ नाविक मैल आडवे किंवा १,००० फूट उभे अंतर राखतात. एका वेळी ५,००० विमाने हवेत असली, तर तपासायच्या जोड्या सुमारे १.२५ कोटी होतात, आणि त्याही घड्याळाच्या प्रत्येक टप्प्याला. म्हणून आकाशाचे चौकोन पाडून फक्त जवळपासची विमाने तपासतात आणि चौकोन प्रोसेसरांना वाटून देतात. वाटणी क्षेत्रफळावर केली तर फसते: न्यूयॉर्कचा चौकोन सांभाळणारा प्रोसेसर घामाघूम होतो, नेवाडाच्या वाळवंटावरचा रिकामा बसतो.

खरी अडचण वेळेची. प्रत्येक प्रोसेसरचे घड्याळ आपल्या गतीने धावते. मग मुंबईच्या प्रोसेसरचे घड्याळ १० वर असताना ९:५० ला मुंबईत पोचणाऱ्या विमानाचा निरोप दिल्लीच्या प्रोसेसरकडून येऊन टपकला तर? यावर दोन मार्ग आहेत. आयआयटी मद्रासचे के. मणी चांडी आणि आयआयटी कानपूरचे जयदेव मिश्रा या माजी विद्यार्थ्यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस सावध मार्ग मांडला. संगणकशास्त्रज्ञ रँडल ब्रायंट यांनीही स्वतंत्रपणे तोच सुचवला. त्यात शेजाऱ्याकडून अमुक वेळेपर्यंत काही येणार नाही अशी हमी मिळाल्याशिवाय कोणी पुढे सरकत नाही. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड जेफरसन यांच्या ‘टाइम वॉर्प’मध्ये (१९८५) प्रोसेसर बेधडक पुढे जातात आणि चूक उघड झाली की मागे येऊन तेवढा भाग पुन्हा चालवतात. अमेरिकेतील मायटर या संशोधन संस्थेचे ‘डीपॅट’ हे हवाई वाहतुकीचे सिम्युलेशन याच दुसऱ्या पद्धतीवर बेतलेले होते.

सावध मार्गाला भूगोलाचा आधार मिळतो. दिल्लीहून सुटलेले विमान तासाभरात मुंबईला पोचत नाही, म्हणजे तेवढ्या वेळाची हमी आपोआप मिळते. विमानतळाच्या आत मात्र ही सवलत संपते. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात; एकीवरचे उड्डाण दुसरीला लगेच अडवते. या धावपट्ट्या वेगवेगळ्या प्रोसेसरांवर टाकल्या तर निरोपांतच वेळ जातो, म्हणून अख्खा विमानतळ एकाच प्रोसेसरकडे ठेवणे शहाणपणाचे.