पेट्रोलकडून पुन्हा पेट्रोलकडे : ॲरोबॅटिक मॉडेल विमानाच्या इंजिनाची पार्श्वभूमी

रेडिओ कंट्रोलवर कसरती करणारं मोठं मॉडेल विमान बांधायला घेतलं की इंजिनाचा प्रश्न लगेच समोर येतो. वीस सीसी की पस्तीस? एक सिलिंडर की दोन? एग्झॉस्ट बाजूला निघणारा की मागे? नवखा माणूस बहुधा आधी अश्वशक्तीचा आकडा बघतो. माझ्या मते त्या आकड्याला आपण गरजेपेक्षा जास्त मान देतो. ही इंजिनं आज जशी आहेत तशी का झाली, हे पाहायला गेलं तर मागे सगळीकडे वजनाचा हिशोब दिसतो. आणि वजन नुसत्या इंजिनाचं नव्हे, त्याच्यासोबत विमानात चढणाऱ्या लवाजम्याचं.

सुरुवात पेट्रोलनेच झाली होती. १९३०च्या दशकाच्या आरंभापर्यंत मॉडेल विमानं मुख्यतः रबराच्या पिळावर उडत. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विल्यम ब्राउन या तरुणाने सुमारे दहा सीसीचं छोटं पेट्रोल इंजिन तयार केलं. पुढे ते ‘ब्राउन ज्युनिअर’ या नावाने विक्रीला आलं. मॅक्सवेल बॅसेटने ब्राउनचं इंजिन लावलेली मॉडेलं स्पर्धेत उतरवली आणि १९३३च्या अमेरिकी राष्ट्रीय स्पर्धेत रबरवाल्यांचा निभाव लागला नाही. शेवटी इंजिनाच्या मॉडेलांसाठी वेगळा गट करावा लागला. १९३७ मध्ये वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी ‘गफ’ नावाचं मॉडेल रेडिओने उडवलं. रेडिओ नियंत्रणाच्या इतिहासात हे विमान इतकं महत्त्वाचं मानलं जातं की आज ते स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्याचे पंख आठ फुटी होते. तेव्हाचा रेडिओ, त्याच्या बॅटऱ्या आणि इंजिनाचं सामान उचलायला लहान विमान पुरलंच नसतं.

त्या इंजिनांना ठिणगी लागे. ठिणगीसाठी कॉइल, कंडेन्सर, उघडझाप करणारे पॉइंट आणि सुक्या बॅटऱ्या लागत. हे सामान अनेकदा इंजिनाइतकंच भरे. त्यात पॉइंटवर तेल चढे, बॅटरी मंदावे आणि इंजिन रुसून बसे.

१९४७ मध्ये रे आर्डेन यांनी ग्लो प्लग बाजारात आणला आणि हा सगळा लवाजमा एका झटक्यात खाली उतरला. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमयुक्त तारेची बारीक वळी असते. सुरू करताना तेवढी बॅटरी जोडून ती तापवायची आणि इंजिन चालू झालं की बॅटरी काढून घ्यायची. पुढे ज्वलनाची उष्णता आणि प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर मेथॅनॉलची होणारी प्रक्रिया मिळून तार लाल ठेवतात. विमानात चढतो तो फक्त प्लग. छंदाच्या इतिहासात इतकी सुटसुटीत कल्पना दुसरी सापडणं कठीण. मात्र तिच्यासोबत मेथॅनॉल आलं, कारण पेट्रोलवर ती वळी तशी तापलेली राहत नाही. पेट्रोल मागे पडलं ते इथे, आणि तीसेक वर्षं मागेच राहिलं.

कसरतींची स्पर्धा याच ग्लो इंजिनांवर वाढली. ‘एफ३ए’ची, म्हणजे रेडिओने उडवायच्या कसरतींच्या आंतरराष्ट्रीय गटाची, पहिली जागतिक स्पर्धा १९६० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ड्यूबेनडॉर्फ इथे झाली. तिथल्या नियमांत दहा सीसीची मर्यादा बरीच वर्षं टिकली, त्यामुळे इंजिनवाल्यांचं सगळं कसब त्या दहा सीसीतून जास्तीत जास्त जोर काढण्यात गेलं. जपानच्या ओ.एस. कंपनीने १९७६ मध्ये चार-स्ट्रोकचं एफएस-६० आणून आवाज खाली आणला. पण गाडी तोवर वेगळ्या दिशेला वळू लागली होती.

१९७४ मध्ये लास व्हेगासला ‘टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स’ सुरू झाली. ऑस्ट्रियाच्या हानो प्रेटनरसारखे दिग्गज तिथे उतरत. खऱ्या ॲरोबॅटिक विमानांच्या प्रतिकृती तिथे पुढे आल्या आणि वर्षागणिक त्या मोठ्या होत गेल्या. मोठं विमान हवेत संथ आणि खरं दिसतं, वाऱ्यात कमी थरथरतं, आणि परीक्षकाला त्याची रेघ लांबूनही स्पष्ट दिसते. आकार वाढला तसा मेथॅनॉलचा हिशोब मात्र कोलमडला.

तो हिशोब थोडा उलगडून सांगतो, कारण ‘इतक्या सीसीचं ग्लो म्हणजे तितक्याच सीसीचं पेट्रोल’ हा गैरसमज इथेच सुटतो. एक किलो मेथॅनॉल पूर्ण जळायला सुमारे साडेसहा किलो हवा लागते, पेट्रोलला जवळजवळ १४.७ किलो. किलोमागे मिळणारी उष्णता मेथॅनॉलची साधारण २० मेगाज्यूल, पेट्रोलची ४४च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेतून दोन्हींकडून उष्णता जवळपास सारखी मिळते, पण मेथॅनॉल दुपटीहून जास्त ओतावं लागतं. या भरपूर ओतण्याचा एक फायदाही आहे. मेथॅनॉल वाफ होताना खूप उष्णता शोषतं, त्यामुळे आत येणारी हवा गार आणि दाट होते आणि इंजिनही कमी तापतं. वर नायट्रोमिथेन मिसळलं की जोर आणखी वाढतो. म्हणून ग्लोच्या दहा सीसीची जागा पेट्रोलचं दहा सीसी भरून काढत नाही, त्याला जास्त आकार द्यावा लागतो. पण चाळीस-पन्नास सीसीचं इंजिन मेथॅनॉलवर चालवायचं तर टाकीच विमानभर पसरेल. शिवाय ग्लोच्या इंधनात अठरा-वीस टक्के तेल असतं आणि ते सगळं विमानाच्या अंगावर येऊन बसतं. पेट्रोलमध्ये तीस ते पन्नास भागांना एक भाग तेल पुरतं.

मोठ्या विमानांना पेट्रोल इंजिन मिळालं ते थेट लाकूडतोड्यांच्या दुनियेतून. चेनसॉ आणि गवत कापायच्या यंत्रांची टू-स्ट्रोक इंजिनं तयार होती, टिकाऊ होती आणि लाखांनी बनत होती. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅनडातून आलेलं ३५ सीसीचं क्वाड्रा बऱ्याच जणांचं पहिलं पेट्रोल इंजिन ठरलं. पुढे जपानच्या झेनोआची इंजिनं आली. त्यांतलं ६२ सीसीचं जी-६२ तर वर्षानुवर्षं न कुरकुरता चालायचं.

या उसनवारीत आलेली सर्वांत मोलाची वस्तू माझ्या लेखी कार्ब्युरेटर आहे. झाड तोडणारा करवत आडवी धरतो, उलटी धरतो, नाक खाली करून धरतो. साध्या तरंगत्या फ्लोटच्या कार्ब्युरेटरला हे जमत नाही. म्हणून चेनसॉसाठी डायफ्रामचा कार्ब्युरेटर घडला. क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर एक पातळ पडदा हलतो आणि पंपासारखं पेट्रोल ओढतो. दुसरा पडदा जेवढं हवं तेवढंच आत सोडतो. आज बहुतेक मॉडेल इंजिनांवर वॉलब्रो कंपनीचा किंवा त्याच धाटणीचा कार्ब्युरेटर असतो. कसरतींसाठी याहून चांगली देणगी शोधून मिळाली नसती. ग्लो इंजिनाची टाकी इंजिनाच्या अगदी मागे आणि कार्ब्युरेटरच्या उंचीवर ठेवावी लागते, नाहीतर विमान उलटं केलं की मिश्रण बदलतं. डायफ्रामचा कार्ब्युरेटर लांबून पेट्रोल ओढतो, त्यामुळे टाकी थेट गुरुत्वमध्यावर, पंख जोडणाऱ्या नळीजवळ ठेवता येते. टाकी भरलेली असो की रिकामी, विमानाचा तोल तोच राहतो.

एक बारकावा मात्र लक्षात ठेवायलाच हवा. दुसऱ्या पडद्याच्या मागची बाजू बाहेरच्या हवेला उघडी असते. तिचं छिद्र काउलच्या, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाच्या, आतल्या वाऱ्यात सापडलं तर वेगानुसार मिश्रण बदलत राहतं. जमिनीवर नीट चालणारं इंजिन वर गेल्यावर वेगळं वागू लागतं आणि माणूस कार्ब्युरेटरच्या सुया फिरवून थकतो. त्या छिद्राला छोटी नळी जोडून ती विमानाच्या पोटात सोडली की हा त्रास जातो.

पण चेनसॉकडून नको ते सामानही आलं. ठिणगीसाठी फिरत्या चुंबकातून वीज काढणारा मॅग्नेटो आणि त्याचं चुंबक बसवलेलं जड फ्लायव्हील होतं. हाताने प्रोपेलर फिरवताना तेवढा वेग येत नाही, म्हणून ठिणगी कमजोर पडे आणि कधी इंजिन उलटा झटका देई. ठिणगीची वेळही सहसा ठरलेली असे. १९३०च्या दशकातला लवाजमा असा नव्या रूपात परत आला.

तो पुन्हा कमी झाला इलेक्ट्रॉनिक इग्निशनमुळे. प्रोपेलरच्या हबमध्ये एक बारीक चुंबक, समोर ते चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर आणि एक छोटी डबी. ठिणगी बॅटरीवर पडते, म्हणून हाताच्या हलक्या फटक्यालाही इंजिन पकडतं. मंद गतीत ठिणगी उशिरा पडते आणि वेग वाढला की ती पिस्टन वर पोचण्याआधी तीसेक अंशांवर सरकते. फ्लायव्हील गेलं, नाक हलकं झालं. जर्मनीची थ्रीडब्ल्यू, अमेरिकेची डेझर्ट एअरक्राफ्ट यांनी करवतीचा वारसा बाजूला ठेवून खास विमानासाठी इंजिनं घडवली. नंतर चीनच्या डीएलईसारख्या उत्पादकांनी ती कितीतरी जास्त लोकांच्या आवाक्यात आणली. ठिणगीचा रेडिओत होणारा खरखराट हा जुना वैरी होता. त्यासाठी जाळीत गुंडाळलेली प्लगची तार आणि रिसीव्हरपासून भरपूर अंतर अशी काळजी घ्यावी लागे. २.४ गिगाहर्ट्‌झचे रेडिओ आल्यावर ती भीती बरीच ओसरली, तरी इग्निशन आणि रिसीव्हर आजही दूरच ठेवावेत.

१९९०च्या दशकात कसरतींचा बाज बदलला. विमान शेपटीवर उभं करून प्रोपेलरच्या जोरावर हवेत टांगून ठेवायचं, म्हणजे हॉवर, आणि त्याच स्थितीत इंजिनाच्या प्रतिक्रियेने ते स्वतःभोवती फिरू द्यायचं, म्हणजे टॉर्क रोल. ‘थ्रीडी’ म्हणतात ती हीच. इथे ओढ विमानाच्या वजनाहून जास्त हवी, दीडपट असेल तर मन निवांत राहतं. हॉवर होतो थ्रॉटलच्या मध्यावर, पूर्ण उघड्या थ्रॉटलवर नव्हे. म्हणून जास्तीत जास्त आरपीएम किती यापेक्षा मधल्या टप्प्यात इंजिन अडखळत नाही ना, आणि आयडलवरून हाक मारताच धावून येतं ना, हे पाहावं. अश्वशक्तीचा आकडा यातलं काहीच सांगत नाही.

मॉडेलांचे आराखडेही याच हलक्या इंजिनांना धरून आखले जाऊ लागले. २० सीसीला सुमारे चार किलोचं, ३० ते ३५ सीसीला साडेपाचच्या आतलं, ५० ते ५५ सीसीला सात-आठ किलोचं आणि १०० सीसीच्या ट्विनला, म्हणजे दोन सिलिंडरच्या इंजिनाला, अकरा-बारा किलोचं विमान, अशी ढोबळ जोडी जमली आहे. अशा आखूड नाकात जुनं मॅग्नेटोचं इंजिन बसवलं तर शेपटीत शिसं भरावं लागतं, म्हणजे दोन्ही टोकांना दंड. मागे एग्झॉस्ट असलेली इंजिनं आली तीही अरुंद काउलमध्ये मफलर मावावा म्हणून. निवडताना मफलर, इग्निशन, त्याची बॅटरी, प्रोपेलर आणि त्याच्या नाकावरची टोपी म्हणजे स्पिनर धरून बेरीज करावी, कारण काही उत्पादक इंजिनाचं नुसतं वजन छापतात. ट्विनचे समोरासमोरचे पिस्टन एकमेकांचा धक्का बराच झेलतात, त्यामुळे सर्व्हो (विमानाचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि सांधे जास्त टिकतात. माझा कौल शक्य तिथे ट्विनलाच.

लहान आकारात मात्र जुनं कोडं तसंच आहे. इग्निशनची डबी इंजिनाच्या आकाराप्रमाणे लहान होत नाही. वीस सीसीलाही ती शंभर-सव्वाशे ग्रॅमची, वर बॅटरी. बारा किलोच्या विमानाला ती कळतही नाही, अडीच किलोच्या विमानाला चांगलीच जाणवते. म्हणून दहा-पंधरा सीसीत पेट्रोल फार काळ रुजलं नाही आणि तिथे आता विजेची मोटर बसली आहे. ओ.एस.ने या आकारासाठी जीजीटी नावाची इंजिनं काढली. त्यांच्यात ठिणगी नाही, इग्निशनची डबी नाही. टाकीत तेल मिसळलेलं पेट्रोल आणि डोक्यावर खास त्यासाठी बनवलेला ग्लो प्लग.