अजिंठा हेडसेटमध्ये: ३६० अंशांचं चित्रण की त्रिमितीय मॉडेल?

हेडसेट चढवला की दोन्हींत चहूकडे लेणंच दिसतं, म्हणून दोन्हींना सरसकट ‘व्हीआर’ (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, म्हणजे आभासी वास्तव) म्हटलं जातं. फरक कळायला एक पाऊल पुढे टाकावं. ३६० अंशांच्या चित्रणात भिंत जवळ येत नाही, अख्खं लेणंच आपल्याबरोबर सरकतं. कॅमेऱ्याने एका जागेवरून टिपलेलं ते चित्र आहे, गोलाच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं. मॉडेल म्हणजे अनेक बाजूंनी काढलेल्या फोटोंवरून संगणकात उभारलेला लेण्याचा आकार; त्यात मात्र भिंत खरोखर जवळ येते.

पहिल्या लेण्यातली बुद्धमूर्ती घ्या. वाटाडे तिच्यावर डावीकडून, उजवीकडून, मग समोरून उजेड टाकतात आणि दर वेळी चेहऱ्यावरचा भाव बदलतो. ३६० अंशांत चित्रणाच्या वेळचा एकच उजेड कायमचा बसतो. मॉडेलमध्ये दिवा प्रेक्षकाच्या हातात देता येतो, आणि आमच्या मते एवढ्यासाठीच तो सगळा खटाटोप करावा. पण फोटोंतली सावली टेक्श्चरमध्ये, म्हणजे मॉडेलवर चढवलेल्या रंगांच्या थरात, उतरली, तर ओठांखाली दोन सावल्या पडतात आणि चेहरा मळका दिसतो. म्हणून उजेड मऊ, पसरलेला हवा. फ्लॅशला तिथे बंदी आहे. तेव्हा रीतसर परवानगी, ट्रायपॉड, कमी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) आणि लांब एक्स्पोजर. शेजारच्या फोटोंत ७० ते ८० टक्के भाग सामाईक ठेवावा, फोकस मधेच हलवू नये. मापपट्टी विसरली तर मॉडेलला खरं माप मिळत नाही.

एवढं करून हाती येते कोट्यवधी त्रिकोणांची जाळी. संगणकाला न जोडलेल्या, सुट्या हेडसेटला ती पेलत नाही: सेकंदाला ७२ चित्रं म्हणजे एका चित्राला जेमतेम १४ मिलिसेकंद, आणि ते चुकलं की प्रेक्षकाला मळमळतं. त्रिकोण काही लाखांवर आणून छिन्नीचे बारीक उठाव नॉर्मल मॅपमध्ये, म्हणजे सपाट पृष्ठभागावर उठावाचा भास देणाऱ्या चित्रात, उतरवावे लागतात.

३६० अंशांचं काम त्यामानाने हलकं. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, बसून पाहणाऱ्यांसाठी सुमारे १.२ मीटर; खांबापासून मीटरभर तरी लांब, नाहीतर वेगवेगळ्या भिंगांतून आलेल्या चित्रांचे जोड फाटतात. ७६८० पिक्सेल रुंदीचं चित्र अंशाला २१च पिक्सेल देतं, त्यात पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रातली मुकुटाची नक्षी विरून जाते. लेण्यांसमोरच्या वाघूर नदीच्या नालाकृती दरीसाठी मात्र हेच योग्य. पाऊलभर सरकल्याने समोरचा डोंगर वेगळा दिसत नाही.

सव्विसाव्या लेण्यातला महापरिनिर्वाणाचा बुद्ध सुमारे ७ मीटर लांब आहे. मॉडेल असलं तरी हेडसेट घालून फिरायच्या दोन बाय दोन मीटरच्या मोकळ्या जागेत प्रेक्षक त्याच्या मस्तकापासून पायांपर्यंत चालू शकत नाही. त्याला तीन-चार ठिकाणी थेट नेऊन उभं करावं, आणि तिथून पाऊल-दोन पावलं मोकळं सोडावं.