सुबाभळीचे विष आणि हवाईच्या शेळ्या

मेंढीला अचानक नुसता सुबाभळीचा पाला घालायला सुरुवात केली, तर आठवड्या-दोन आठवड्यांत तिची लोकर मुठीने उपटून येते. याचे कारण पाल्यातले मिमोसिन हे विषारी द्रव्य. पाल्याच्या सुक्या वजनात ते साधारण 2 ते 5 टक्के असते आणि कोवळ्या शेंड्यांत त्याहून जास्त. रचनेने ते टायरोसिन या अमिनो आम्लासारखे दिसते. ते शरीरात गेले की पेशींचे विभाजन थांबवते, आणि केसांच्या मुळाशी पेशी सतत विभागत असल्यामुळे पहिला फटका तिथेच बसतो. घोड्याची आयाळ आणि शेपूट झडते तीही याच कारणाने.

रवंथ करणाऱ्या जनावरांची सोय मात्र वेगळी आहे. त्यांचा चारा जठरात जाण्याआधी कोठीपोटात मुरतो, म्हणजे विषाशी गाठ आधी जिवाणूंची पडते. पाला चावतानाच पानातली विकरे मिमोसिन फोडू लागतात, उरलेले काम कोठीपोटातले जिवाणू करतात. चाऱ्याची सवय हळूहळू झाली असेल, तर केस वाचतात, पण काम अर्धेच झालेले असते. मिमोसिनपासून तयार होणारा डीएचपी हा पदार्थ थायरॉइडमध्ये आयोडीन बसू देत नाही. महिनोन्‌महिने असा चारा चालू राहिला, तर गलगंड वाढतो, लाळ गळते, जनावर खाणे टाकते, वासरे अशक्त जन्मतात.

जिवाणू मालकाच्या भल्यासाठी राबत नाहीत, हे इथे लक्षात ठेवायला हवे. कोवळ्या ज्वारीतले धुरिन नावाचे द्रव्य हेच जिवाणू भराभर फोडतात, त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतो आणि गाय दगावते. घोड्याला हा धोका कमी असतो, कारण त्याच्या जठरातले आम्ल ही क्रिया मंदावते.

ऑस्ट्रेलियातली गुरे सुबाभळीने आजारी पडत होती, पण हवाईतल्या शेळ्या तोच पाला भरपूर खाऊन ठणठणीत होत्या. रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाला शंका आली की हा फरक शेळीच्या जातीचा नसून पोटातल्या जिवाणूंचा असावा. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला हवाईच्या शेळ्यांचा कोठीपोटातला रस ऑस्ट्रेलियात आणून तिथल्या जनावरांना दिला गेला, आणि त्यांच्या पोटात डीएचपीचे विघटन सुरू झाले. हे काम करणाऱ्या जिवाणूला 1992 मध्ये सिनर्जिस्टिस जोनेसी हे नाव मिळाले. पचनाची क्षमता एका जनावराकडून दुसऱ्याला अशी उसनी देता येते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडते.

हा जिवाणू साखरेवर जगत नाही. त्याला मोजकी अमिनो आम्ले आणि डीएचपी लागतो. म्हणून ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यात आधी काही दिवस सुबाभूळ चारतात आणि मगच जिवाणूंचा द्रव पाजतात. साऱ्या कळपाला पाजावा लागत नाही; थोड्या जनावरांना दिला की तो इतरांत पसरतो. सुबाभूळ फार काळ बंद राहिली, तर त्याची संख्या घटत जाते. पुढच्या संशोधनाने आणखी एक गोष्ट दाखवली: यकृतही डीएचपीला दुसऱ्या रेणूशी जोडून लघवीवाटे बाहेर टाकते. त्यामुळे सगळे श्रेय एकट्या जिवाणूला देता येत नाही.

महाराष्ट्रात हा चारा पसरला तो उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेच्या प्रयत्नांतून. पाल्यात 20 टक्क्यांहून अधिक प्रथिने असल्याने तो सोडून देण्यासारखा नाही, प्रमाण मात्र सांभाळावे. सुरुवात मूठभर पाल्याने करून दोन-तीन आठवड्यांत वाढवत न्यावे. गाई-शेळ्यांना एकूण सुक्या चाऱ्याच्या 30 टक्क्यांच्या आत द्यावा, बाकी कडबा किंवा गवत. पाला सुकवून दिला तर मिमोसिन कमी होते. कोंबड्या आणि डुकरांच्या खाद्यात 5 टक्क्यांच्या पुढे जाऊ नये, घोड्याला शक्यतो देऊच नये. शंका आली तर पशुवैद्यक लघवी तपासू शकतात: डीएचपी असेल तर फेरिक क्लोराइड घातल्यावर तिला लालसर किंवा जांभळट रंग येतो.