एलसीडी पडद्यातील बॅकलाइटचा बिघाड : निदान व दुरुस्ती

एलसीडी पडदा स्वतः उजेड देत नाही. त्यातील द्रवस्फटिकांचे काम एवढेच, की मागून येणारा प्रकाश कुठे अडवायचा आणि कुठे सोडायचा. हा प्रकाश देणाऱ्या, पडद्यामागे बसवलेल्या दिव्यांच्या रचनेला बॅकलाइट (पश्चप्रकाश) म्हणतात. बॅकलाइट गेला की पडदा काळा पडतो. चित्र मात्र तयार होतच असते, फक्त ते दिसत नाही. टीव्ही, मॉनिटर, लॅपटॉप आणि मोबाइल या सर्वांत हा बिघाड होतो आणि ‘पॅनेल गेले’ असे समजून (पॅनेल म्हणजे चित्र तयार करणारा काचेचा भाग) कितीतरी चांगले पडदे भंगारात जातात. ओएलईडी पडद्यात प्रत्येक बिंदू स्वतःच उजळतो, म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही.

निदानाची पहिली पायरी टॉर्चची. खोलीत अंधार करावा, यंत्र चालू ठेवावे आणि टॉर्च पडद्याजवळ तिरपी धरून हळूहळू फिरवावी. मेनूची चौकट किंवा माउसचा बाण फिकट सावलीसारखा दिसला, तर पॅनेल शाबूत आहे आणि दोष प्रकाशाच्या बाजूला आहे. मात्र त्या वेळी पडद्यावर गडद दृश्य असेल तर काहीच दिसणार नाही. म्हणून मेनू उघडूनच ही तपासणी करावी. याउलट, पडदा राखाडी उजळलेला आहे पण चित्र नाही, अशा वेळी बॅकलाइट ठीक असून दोष चित्राच्या सर्किटमध्ये असतो. आवाज येतो, रिमोटला प्रतिसाद मिळतो आणि पडदा तेवढा काळा, हे बॅकलाइटच्या बिघाडाचे नेहमीचे रूप आहे.

जुन्या पडद्यांत दिव्यांच्या जागी सीसीएफएल म्हणजे बारीक फ्लुरोसंट नळ्या असत. त्यांना इन्व्हर्टर (पडद्यातलेच व्होल्ट वाढवणारे सर्किट) शेकडो व्होल्टचा, उच्च वारंवारतेचा एसी पुरवठा करतो आणि पेटवताना तो हजारापलीकडेही जातो. साधा मल्टिमीटर तिथे लावला तर मीटरच जळू शकतो. नळी म्हातारी झाली की चित्र सुरुवातीला गुलाबीसर दिसते. चित्र दोन सेकंद दिसून विझत असेल, तर इन्व्हर्टरच्या संरक्षक सर्किटने नळीतला किंवा ट्रान्सफॉर्मरमधला दोष ओळखून पुरवठा तोडलेला असतो. दोहोंपैकी कोण दोषी हे ठरवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे चांगली नळी जोडून पाहणे. या नळ्यांत थोडा पारा असतो, त्यामुळे त्या फोडू नयेत आणि घरच्या कचऱ्यात टाकू नयेत.

आता बहुतेक पडद्यांत पांढरे एलईडी असतात. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्यावरील पिवळसर फॉस्फरमुळे (निळ्या प्रकाशाचा काही भाग पिवळा करणाऱ्या लेपामुळे) प्रकाश पांढरा भासतो. ज्या निळ्या एलईडीसाठी इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले, तोच हा निळा. टीव्हीचे चित्र जांभळट-निळे होऊ लागले, तर फॉस्फर उष्णतेने खराब होऊन आतला निळा उघडा पडत आहे असे समजावे. असे दिवे पेटत असले तरी फार काळ टिकत नाहीत.

एलईडी पट्ट्यांवर बसवलेले आणि बहुधा एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेले असतात. प्रत्येकाला साधारण ३ व्होल्ट लागतात. तेव्हा ८ एलईडींच्या ३ पट्ट्या एका साखळीत असतील तर ७२ व्होल्ट. यातला एक जरी उडाला तरी साखळी तुटते आणि सगळे विझतात. ड्रायव्हरच्या, म्हणजे एलईडींना वीज पुरवणाऱ्या सर्किटच्या, आउटपुटवर मीटर लावला की हे डोळ्यांदेखत घडताना दिसते : यंत्र चालू होताच व्होल्ट झपकन चढतात, प्रवाहाला वाट मिळत नाही, ड्रायव्हर माघार घेतो आणि आकडा खाली येतो. अशा वेळी पट्ट्या दोषी. व्होल्ट मुळीच वाढत नसतील, तर मुख्य बोर्डाकडून बॅकलाइट चालू करण्याचा सिग्नल येतो का ते आधी पाहावे. तो येत असेल तर ड्रायव्हर, त्याचा फ्यूज आणि फुगलेले कपॅसिटर तपासावेत. वीजपुरवठ्याच्या बोर्डावरचा मोठा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) प्लग काढल्यावरही काही काळ ३०० व्होल्टच्या वर धरून ठेवतो. तो योग्य रेझिस्टरने रिकामा केल्याशिवाय हात लावू नये.

सुटा एलईडी तपासायला प्रवाह मर्यादित ठेवणारा बॅकलाइट टेस्टर वापरावा. अनेक मल्टिमीटरचा डायोड रेंज ३ व्होल्टही देत नाही, त्यामुळे चांगला एलईडीही मेल्यासारखा वाटतो. उडालेला एलईडी पुष्कळदा डोळ्यांनाच सापडतो : एलईडीवर बसवलेले भिंग उचलले की त्याच्या पिवळ्या चेहऱ्यावर सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका असतो. पडद्यावर पांढरे चकचकीत गोळे दिसत असतील तर एलईडी चांगले असतात, त्यांवरची भिंगे गळलेली असतात. ती पुन्हा नेमक्या जागी चिकटवावीत, पण झटपट गोंदाने नव्हे. त्याच्या वाफेने भिंग धुरकटते.

पट्ट्यांपर्यंत पोचणे हाच या कामाचा नाजूक भाग. पॅनेल म्हणजे दोन अगदी पातळ काचा, आणि त्यांच्या कडेला मुडपलेल्या रिबन (चित्राचे सिग्नल नेणाऱ्या चपट्या, लवचीक पट्ट्या). त्या रिबनवर ताण आला की पडद्यावर कायमच्या उभ्या रेघा उमटतात आणि दुरुस्त होण्यासारखा टीव्ही खरोखरच भंगारात जातो. मोठे पॅनेल दोघांनी उचलावे. खालच्या, प्रकाश पसरवणाऱ्या व पुढे वळवणाऱ्या, डिफ्यूझर व प्रिझम शीटचा क्रम आणि बाजू फोटो काढून ठेवावी. उलटी बसलेली शीट किंवा आत राहिलेला धुळीचा कण नंतर रोज दिसतो.

पट्ट्या बदलायच्या तर सगळ्या एकदम बदलाव्यात, कारण उरलेले एलईडीही तितकेच तापलेले आणि थकलेले असतात. काही एलईडी ३ ऐवजी ६ व्होल्टचे असतात, तेव्हा पट्टीची लांबी जुळली म्हणून ती चालेलच असे नाही. उडालेल्या एलईडीच्या जागी तार जोडून काम भागवले, तर पडद्यावर सावली राहते आणि लवकरच दुसरा एलईडी जातो.

खरे कारण बहुधा जादा प्रवाह व त्यातून येणारी उष्णता हेच असते. म्हणून सेटिंगमधील बॅकलाइटची पातळी कमी करणे, हा दुरुस्तीचाच भाग मानावा. जाणकार कारागीर ड्रायव्हरवर समांतर जोडलेल्या, प्रवाह मोजण्यासाठीच्या सेन्स रेझिस्टरपैकी एक काढून प्रवाह आणखी घटवतात. थोडा उजेड कमी होतो, पण डोळ्यांना फरक फारसा जाणवत नाही.

लॅपटॉपमध्ये आधी बिजागरीतून जाणारी केबल तपासावी. झाकण ठरावीक कोनात आले की उजेड येत-जात असेल तर दोष तिचाच. झाकण मिटल्याचे ओळखणारा सेन्सर चुंबकावर चालतो, त्यामुळे जवळ ठेवलेले चुंबकही पडदा विझवू शकते. पडद्याच्या कनेक्टरजवळ बॅकलाइटचा चिमुकला फ्यूज असतो. तो उडाला म्हणून सरळ सोल्डरचा टाका मारून जोडू नये. केबलमध्ये शॉर्ट असेल तर पुढच्या वेळी बोर्ड जळतो. मोबाइलमध्ये हेच काम एक कॉइल, एक डायोड आणि एक आयसी करतात; तिथे सूक्ष्मदर्शकाखालीच हात घालावा.

नव्या पट्ट्या बसवल्यावर शीट आणि पॅनेल चढवण्याआधी सगळे दिवे एकदा पेटवून पाहावेत. थेट न पाहता त्यांवर पांढरा कागद धरला, की एखादा मंद किंवा वेगळ्या छटेचा एलईडी लगेच लक्षात येतो.