पीई उतरला म्हणजे शेअर स्वस्त झाला का?

पीई, म्हणजे किंमत-नफा गुणोत्तर, चढला की शेअर महाग, उतरला की स्वस्त, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. पीई हा भागाकार: वर भाव, खाली प्रतिशेअर नफा. बहुतेकांची नजर फक्त वरच्या आकड्यावर असते, आणि फसगत तिथेच होते.

चिप कंपनी एनव्हिडियाच घ्या. जानेवारी २०२३ अखेर ते जानेवारी २०२४ अखेर भाव तिपटीवर गेला. पण वार्षिक निव्वळ नफा सुमारे ४.४ अब्ज डॉलरवरून २९.८ अब्जांवर पोचला, जवळपास सातपट. म्हणजे भाव चढत असतानाच त्या वर्षांच्या नफ्यावर काढलेला पीई निम्म्याहून खाली आला!

अ‍ॅमेझॉन २०१४ मध्ये तोट्यात होती. खालचा आकडाच उणे, त्यामुळे त्या वर्षाच्या पीईला अर्थच नव्हता. म्हणून पीईचा आलेख एकटा पाहू नका, शेजारी नफ्याचा ठेवा.