घर बदललं पण टपाल जुन्याच पत्त्यावर जातंय? पोस्ट, आधार, बँक आणि अर्ज नेमका अडकतो कुठे

भाड्याचं घर सोडताना लोक पंखे, गीझर, गॅसची शेगडी सगळं आठवणीने नेतात, टपालाची आठवण मात्र जुना घरमालक फोन करून "अहो तुमचं बँकेचं पाकीट आलंय" म्हणतो तेव्हा होते. मग धावपळ सुरू. आधी बँक, बँक म्हणते आधार बदलून आणा, आधारवाले म्हणतात पुरावा आणा, पुरावा म्हणून बँकेचं पासबुक चालतं पण त्यावर जुनाच पत्ता. या चक्रात इतके जण अडकताना बघितलेत की एकदा नीट लिहूनच टाकतो.

पहिलं काम पोस्टात. फी नाही, फॉर्मसाठी अडून बसायची गरज नाही, साध्या कागदावर अर्ज चालतो. अर्ज जुन्या पत्त्याच्या पोस्टात द्यायचा, नव्या नाही, इथेच निम्मे लोक चुकतात. आणि जुन्या घराजवळचं पोस्ट म्हणजे तुमचं टपाल वाटणारं पोस्ट असेलच असं नाही. बरीच छोटी पोस्ट ऑफिसं फक्त काउंटरचं काम करतात, पोस्टमन दुसऱ्याच ऑफिसातून निघतो. इंडिया पोस्टच्या साइटवर पिनकोड टाकला की प्रत्येक ऑफिससमोर डिलिव्हरी का नॉन-डिलिव्हरी ते दिसतं, बघून जा. अर्जात काय लिहायचं? "मा. पोस्टमास्तर, मी अमुक तारखेपासून वरील पत्ता सोडला असून माझ्या व खालील कुटुंबीयांच्या नावे येणारे टपाल पुढील पत्त्यावर पाठवावे", दोन्ही पत्ते पिनकोडसकट, मोबाइल, सही, ओळखपत्राची झेरॉक्स. कोथरूडहून वाकडला गेला असाल तर ४११०३८ आणि ४११०५७ दोन्ही स्पष्ट लिहा. घरातल्या मोठ्या माणसांनी आपापल्या नावापुढे स्वतः सही करावी, नवऱ्याने सगळ्यांच्या वतीने केली की नंतर बायकोचं टपाल तिथेच राहतं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. ही पोच फार महत्त्वाची आहे, का ते पुढे येईलच. आणि जुन्या पोस्टमनला जाऊन भेटा, खरं काम तोच करणार आहे.

ही सोय कायमची नसते, काही काळापुरती असते, त्यामुळे अर्ज देतानाच मुदत विचारा आणि संपायच्या आत पुन्हा अर्ज द्या. शिवाय ती फक्त पोस्टाला लागू. खासगी कुरिअरवाल्याला तुमच्या पोस्टातल्या अर्जाचं काही घेणंदेणं नाही. पासपोर्ट पोस्टाने आला तरी तो लिहिलेल्या पत्त्यावर अर्जदारालाच मिळतो, नाहीतर परत पासपोर्ट ऑफिसला. कार्डं, चेकबुकं यांच्या बऱ्याच पाकिटांवर न मिळाल्यास परत पाठवा असंच छापलेलं असतं. म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं टपालच तुमच्यामागे येत नाही! म्हणून मूळ पत्ता बदलण्याला पर्याय नाही.

आता आधार. मोबाइल लिंक असेल तर मायआधार पोर्टलवरून घरबसल्या होतं, केंद्रावर गेलात तर ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये. लॉगिन, ओटीपी, अपलोड यात काही नाही, पुराव्यात सगळं आहे. लाइट बिल चालतं, पण ते तुमच्या नावावर हवं आणि तीन महिन्यांच्या आतलं हवं, ते तीन महिने बिलाच्या तारखेपासून, तुम्ही भरलं त्या दिवसापासून नाही. भाड्याने राहणाऱ्याच्या नावावर महावितरणचं बिल कुठून येणार? ते घरमालकाच्याच नावाने येतं. पाणीपट्टी, घरपट्टीचंही तेच. राहता राहिला लीव्ह अँड लायसन्सचा करार. महाराष्ट्रात हा करार लेखी करून नोंदवणं १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने बंधनकारक आहे आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे, तरी आजही "नोटरी करून घेऊ, काय फरक पडतो" म्हणणारे मालक भरपूर. फरक इथे पडतो. नोटरीचा कागद बघून काउंटरवरचा माणूस मान हलवतो, नोंदणीचा करार असेल तर सहसा वाद होत नाही. घर घेतानाच हे मालकाशी बोलून घ्या, चावी मिळाल्यावर तो ऐकत नाही.

करार एकाच्या नावावर आणि घरात चार माणसं, हा दुसरा अडथळा. यासाठी २०२३ पासून कुटुंबप्रमुखाच्या आधारावरून पत्ता बदलायची सोय आहे आणि आश्चर्य म्हणजे फार कमी लोकांना ती माहितीये. आधी करारावर नाव आहे त्याने स्वतःचा पत्ता बदलायचा, तो बदलून आल्यावर बाकीच्यांनी अर्ज करायचा, त्याच्या आधारवर असतो तोच पत्ता तुम्हाला मिळतो. क्रम उलटा झाला की जुनाच पत्ता पुन्हा येतो. नातं दाखवायला रेशन कार्ड, लग्नाचा दाखला, मार्कशीट, पासपोर्ट यातलं काही चालतं, काहीच नसेल तर कुटुंबप्रमुखाचं ठरावीक नमुन्यातलं स्वयंघोषणापत्र. आणि इथे लोक सरसकट चुकतात: अर्ज केला, पैसे भरले, झालं असं समजून बसतात. झालेलं नसतं. कुटुंबप्रमुखाने स्वतःच्या लॉगिनमध्ये जाऊन ३० दिवसांच्या आत मंजुरी द्यायची असते. गावाकडे असलेल्या वडिलांना तो मेसेज म्हणजे काहीतरी फ्रॉड वाटतो, ते डिलीट करतात, ३० दिवस जातात, अर्ज बंद होतो आणि पैसे परत मिळत नाहीत. आधी फोन करून सांगा, मग अर्ज करा.

हेही जमत नसेल तर आधारच्या ठरावीक नमुन्यातला दाखला. खासदार, आमदार, नगरसेवक, राजपत्रित अधिकारी, तहसीलदार, गावात सरपंच हे देऊ शकतात. गंमत अशी की पुण्या-मुंबईत मार्च २०२२ पासून २०२६ च्या निवडणुकीपर्यंत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, त्या काळात लोक नुसते या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरले. दाखला लेटरहेडवर चार ओळी लिहून आणू नका, नमुना डाउनलोड करूनच न्या. फोटोवर सही आणि शिक्का आडवा आलेला हवा, खाडाखोड नको, आणि दिलेल्या तारखेपासून तीन महिनेच चालतो. पूर्वी पत्त्यावर कोड असलेलं पत्र यायचं ती सोय २०२१ मध्येच बंद झाली, जुने व्हिडिओ बघून तिच्या मागे लागू नका.

बँकेत मात्र तुम्ही आधारसाठी थांबायची गरज नाही, हे काउंटरवर कोणी सांगणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत स्पष्ट आहे की फक्त पत्ता बदलला असेल तर ग्राहकाने स्वतः लिहून दिलेला नवा पत्ता बँकेने घ्यायचा आणि पुढच्या दोन महिन्यांत तिथे पत्र पाठवून किंवा माणूस पाठवून खात्री करायची. "आमच्या सिस्टिममध्ये नाही होत" असं उत्तर मिळालं तर शांतपणे अर्ज लेखी द्या, पोच मागा, पोच देईनात तर तोच अर्ज रजिस्टर्ड ईमेलवरून पाठवा. बहुतेक वेळा पोच मागितली की सिस्टिम चालू होते. आणि नव्या पत्त्याचं पासबुक फोटो-शिक्क्यासकट हातात आलं की तेच आधारला पुरावा म्हणून लावता येतं, म्हणजे ते चक्र इथून तुटतं. पत्ता बदलून झाल्याचा मेसेज येईपर्यंत नवं चेकबुक किंवा डेबिट कार्ड मागवू नका, ते जुन्या घरीच जाईल.

म्युच्युअल फंडांची केवायसी केआरएकडे (केवायसीच्या नोंदी ठेवणारी संस्था) एकदा बदलली की पुरते, डीमॅटचं ब्रोकरकडे, एलआयसीचं शाखेत. आईवडिलांच्या जुन्या कागदी शेअर्सकडे दुर्लक्ष करू नका, सलग सात वर्षं लाभांश घेतला नाही तर शेअर्ससकट सगळं सरकारच्या आयईपीएफ निधीत जातं आणि तिथून सोडवणं म्हणजे दुसरं शिक्षण.

मतदार यादीसाठी फॉर्म ८. फॉर्म ६ नवीन मतदाराचा आहे, तो भरलात तर दोन ठिकाणी नाव लागण्याची भानगड होते. गाडीच्या आरसीवरचा पत्ता ३० दिवसांत कळवायचा असतो, आणि गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी लागते, पीयूसी-इन्शुरन्स चालू लागतो, आरटीओत गेल्यावर हे कळून परत येणारे रोज दिसतात. पॅनचा पत्ता आयकर पोर्टलच्या प्रोफाइलमध्ये बदलला म्हणजे पॅनमध्ये बदलला असं होत नाही, ते दोन वेगळे आहेत, पॅनचा आधारवरून वेगळा बदलावा लागतो.

आता पोचेचा मुद्दा. "नोटीस मला मिळालीच नाही" हे कोर्टात आपोआप चालत नाही. बरोबर पत्ता लिहून, पोस्टेज भरून रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलेलं पत्र पोचलं असं कायदा गृहीत धरतो, उलट सिद्ध करायचं काम तुमचं. चेक बाउन्सच्या नोटिशीत पैसे भरायला १५ दिवस मिळतात, आणि नोटीस जुन्या घरी दाराला कुलूप बघून परत गेली तरी ते दिवस मोजायला सुरुवात होऊ शकते. सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये एवढी सवलत ठेवली की नोटीस मिळाली नाही म्हणणाऱ्याने समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरावेत. तिथे तुमच्या बाजूने बोलणारी गोष्ट एकच, समोरच्याला नवा पत्ता कधी कळवला त्याचा कागद. म्हणून ज्यांना चेक दिलेत, ज्यांचं कर्ज आहे, ज्यांच्याशी वाद आहे, त्यांना पत्ता लेखीच कळवा. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय, तेव्हा स्पीड पोस्टला रजिस्ट्रेशन जोडून पाठवा आणि पावती फाइलला लावा.

सोसायटीचा वॉचमन हा यातला सगळ्यात धोकादायक माणूस, बिचारा चांगल्या मनाने सही करून घेतो आणि ट्रॅकिंगवर "डिलिव्हर्ड" येतं, पाकीट मात्र गेटवरच्या खोक्यात पडून. जुन्या सोसायटीच्या सेक्रेटरीला एक पत्र द्या की आमच्या नावाचं काही सही करून घेऊ नये.

आणि तुम्ही नव्याने राहायला आलात आणि आधीच्या भाडेकरूचं टपाल येतंय तर उघडू नका, सही तर अजिबात नको. पाकिटावर "सदर व्यक्ती येथे राहत नाही" लिहून पोस्टमनकडे परत द्या. साधं पत्र दारात पडलेलं असेल तर तसंच लिहून टपालपेटीत टाकलं तरी चालतं. वसुलीवाले दारात यायला लागले तर वाद घालत बसू नका, तुमच्या कराराची प्रत लावून त्या बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल करा आणि त्याची प्रिंट घरात ठेवा, पुढच्या वेळी आले की दाखवायला.